वडिलांच्या परदेशातील सोबत्यांना भेटायला जाताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून १९७३ नंतरच्या तेलाच्या तेजीत जी माणसे मस्कत, कुवेत, बहारीन किंवा दुबईला गेली, त्यांच्या मुलांनी आपला बाप मुख्यतः रजेवर आलेला असतानाच पाहिला. बाप गेल्यानंतर कधीतरी त्यांच्या ध्यानात येते की त्याला रोज पाहणारी, त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारी माणसे गावात नसून मस्कतमधल्या रुवी भागातील एखाद्या गल्लीत किंवा केरळातल्या एखाद्या खेड्यात आहेत. अशा माणसांना भेटण्यासाठी प्रथमच परदेशी निघणाऱ्यांकरिता हा लेख आहे. माझे वडील मस्कतमध्ये फिटर होते आणि त्यांच्या माघारी मी तिकडे जाऊन आलो, त्यामुळे उदाहरणे बहुतांशी ओमानची आहेत. ब्रिटन-अमेरिकेच्या बाबतीत जे वेगळे पडते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

तयारीला लागण्यापूर्वी या प्रवासाचे स्वरूप नीट समजून घ्यावे. आपल्याकडे माणूस गेला की रक्षाविसर्जनापासून तेराव्यापर्यंत लोक भेटायला येतात, शेवटचे आजारपण विचारतात आणि गेलेल्या माणसाच्या चार गोष्टी सांगून उठतात. परदेशातील सोबत्याला यातले काहीच करता आलेले नसते. कित्येकदा तर आपला मित्र गेला हेच त्याला वर्षा-दोन वर्षांनी कळते. म्हणजे तो आपल्याकडे दुखवट्याला येऊ शकला नाही, म्हणून आपण त्याच्याकडे जातो आहोत. हे एकदा मनाशी पक्के झाले की आधी सांगायचे आणि मग विचारायचे हा क्रम आपोआप ठरतो, आणि पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यातूनच निघतात.

पेटी उघडणे

शोधाची सुरुवात इंटरनेटवरून न करता घरातल्या जुन्या पेटीपासून करावी. सर्वांत उपयोगाचा कागद म्हणजे जुना, कोपरा कापून रद्द केलेला पासपोर्ट. त्याच्या व्हिसाच्या पानावर बहुधा कफिलाचे, म्हणजे ज्याच्या नावावर माणूस तिकडे गेला त्या मालकाचे किंवा कंपनीचे नाव अरबीत असते. हे नाव वाचून घेण्यासाठी लांब जावे लागत नाही. गावातल्या किंवा तालुक्याच्या मशिदीतील मौलाना छापील अरबी अक्षर सहज वाचून दाखवतात, आणि फोनवरचे भाषांतराचे ॲपही बऱ्यापैकी काम करते. मात्र हाताने लिहिलेल्या मजकुरात ॲप हमखास गोंधळते.

त्यानंतर पत्रांची पाकिटे पाहावीत. पत्रांतला मजकूर बहुतेक वेळा पैसे मिळाले का, बी-बियाणे घेतले का, थोरल्याचा दाखला झाला का, यापलीकडे जात नाही. पण पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. आखाती देशांत पोस्टमन दारोदार पत्रे वाटत नसे, सगळी टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येई. त्यामुळे पाकिटावर घराचा पत्ता सापडत नाही, तर बॉक्सचा क्रमांक आणि 'रुवी' किंवा 'मत्रा' असे ठिकाणाचे नाव सापडते. हा क्रमांक जपून ठेवावा, कारण कंपनीने जागा बदलली, मालकाच्या जागी मुलगा आला, तरी पोस्ट बॉक्स पुष्कळदा तोच राहतो, आणि कंपनीच्या आजच्या पत्रकावर किंवा संकेतस्थळावर तोच क्रमांक दिसला की आपण योग्य दारात उभे आहोत हे कळते.

फोटो अल्बममधून काढून मागची बाजू बघावी. तिथे स्टुडिओचा शिक्का, तारीख, क्वचित नावे असतात. फोटोंच्या प्रती काढताना मागची बाजूही स्कॅन करावी. टेप केलेल्या कॅसेटी असतील तर त्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहण्याचा मोह आवरावा. फीत चिकटलेली असते आणि तुटते. पुण्यात किंवा कोल्हापुरात हे काम करणाऱ्याकडून ती आधी डिजिटल करून घ्यावी. मागून येणारे आवाज, कोणी मारलेली हाक, रेडिओवर लागलेले स्टेशन, यांतून खोलीतल्या माणसांचा माग लागू शकतो.

नावांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. वडील ज्याला पत्रात 'नायर' म्हणत, त्या एका आडनावाची माणसे मस्कतमध्ये किती असतील याची गणतीच नको. मल्याळी माणसांच्या नावात घराण्याचे किंवा गावाचे आद्याक्षर असते आणि ते मिळाल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. ओमानी माणसाचे नाव त्याचे स्वतःचे, मग 'बिन' आणि वडिलांचे, शेवटी टोळीचे, असे चालते. आपल्या वडिलांनी त्यांतला एखादाच तुकडा मराठी कानाने ऐकून लिहिलेला असतो. 'अरबाब' हे नाव नव्हे, मालकाला म्हणायचा तो शब्द आहे.

माणूस आज नेमका कुठे आहे

ही पायरी गाळल्यामुळे लोक विमानाची तिकिटे काढून मोकळे होतात आणि तिकडे जाऊन कोणी भेटत नाही. आखाती देशांत परदेशी कामगाराला साधारणपणे कायमचे राहता येत नाही. नोकरी संपली की अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपतो आणि माणूस आपल्या देशी परततो. वडिलांच्या वयाचा सोबती त्यामुळे बहुधा आज केरळात, हैदराबादेत, मंगळूरला, पाकिस्तानात किंवा बांगलादेशात असतो. तिकडे उरतात ते ओमानी मालक व सहकारी, आणि थोडेफार दुकानदार-व्यापारी. म्हणून भेटायच्या माणसांची यादी करून तिचे दोन भाग करावेत: मायदेशी परतलेले आणि तिकडे उरलेले. केरळातल्या माणसाला भेटायला पासपोर्ट लागत नाही, आणि माझ्या मते पहिली भेट तिथेच द्यावी, कारण खोलीत एकत्र राहिलेला माणूस मालकापेक्षा कितीतरी जास्त जाणतो आणि तिकडच्या उरलेल्यांचे ठावठिकाणे त्याच्याकडेच असतात. पाकिस्तानातील सोबत्याच्या बाबतीत व्हिसाची आशा न धरता व्हिडिओ कॉलवर भागवावे किंवा त्याचा मुलगा आखातात असेल तर तिथे भेट ठरवावी.

कुवेतचा शोध आणखी निराळा पडतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि पुढच्या काही आठवड्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीय जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणले गेले. सोबतची माणसे एका दिवसात विखुरली, पत्ते मागेच राहिले, आणि युद्धानंतर परत गेलेल्या कित्येकांना नवीन मालक मिळाले. त्या काळातला सोबती शोधायचा असेल तर कुवेतमधून सुरुवात न करता अम्मानच्या विमानात शेजारी कोण होते, येथून सुरुवात करावी.

आपल्याकडे चौकशीची एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे मुंबईतल्या गावकीच्या खोल्या. लालबाग-परळ भागात सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांनी गिरणीत काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी अशा खोल्या धरल्या होत्या, आणि आखातात जाणारा माणूस व्हिसा हातात पडेपर्यंत बहुधा अशाच खोलीत मुक्काम करी. तिथे राहिलेली वयस्कर माणसे आता गावी परतली आहेत. त्यांना गाठून कोणत्या एजंटाने, कोणाबरोबर, कोणत्या कंपनीत पाठवले हे विचारावे. भारतीय दूतावास दुसऱ्याचा पत्ता देत नाही आणि परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे पोर्टल तक्रारींसाठी आहे, तेव्हा तिथे वेळ दवडू नये.

सुशिक्षित नोकरीवर गेलेल्यांचा शोध त्या मानाने सोपा असतो. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयाच्या किंवा १९६२ साली सुरू झालेल्या मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटांत दोन-तीन फोन केले की बॅच सापडते. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंदवही तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे आणि उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगावची मंडळे आहेत. वयस्कर सभासदांकडे निरोप पोचवायला तीच वाट बरी. आई मिरजेच्या वानलेस रुग्णालयात परिचारिका असेल आणि तिच्याबरोबरचे अमेरिकन मिशनरी डॉक्टर मायदेशी परतले असतील, तर त्यांच्या चर्चच्या इतिहासाची कागदपत्रे सांभाळणारी प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी ही फिलाडेल्फियातील संस्था चौकशीला योग्य ठिकाण आहे.

पहिला निरोप

पहिल्या निरोपात चार गोष्टी असाव्यात आणि त्याच क्रमाने असाव्यात: आपण कोणाचे कोण, वडील केव्हा व कशाने गेले, आपल्याला त्यांच्याविषयी ऐकायचे आहे, आणि पैशाचे किंवा कागदपत्राचे कोणतेही काम नाही. शेवटचे वाक्य अनेकांना उद्धटपणाचे वाटते, पण ते गाळू नये. वीस-तीस वर्षांनी सोबत्याच्या मुलाचा अचानक फोन आला की समोरच्याच्या मनात जुनी उधारी, राहिलेला पगार किंवा व्हिसाची गळ, यांपैकी काहीतरी येतेच. खरोखरच थकलेल्या देण्याचे प्रकरण असेल, तर ते स्वतंत्रपणे, साक्षांकित मृत्युदाखल्यासह चालवावे. भेटीशी त्याची सांगड घालू नये.

लिखित इंग्रजी निरोपापेक्षा संथ हिंदीत बोललेला आवाजी निरोप, सोबत दोघांचा एकत्र फोटो, हे जास्त कामाचे ठरते. आखातात दिवस काढलेल्या मल्याळी, बलुची, बंगाली अशा सगळ्यांना कामचलाऊ हिंदी येते आणि रुवी-मत्रा भागातल्या वयस्कर ओमानी लोकांपैकीही बऱ्याच जणांना ती समजते. ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, ब्रिटन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे आहे, हे फोन करण्याआधी पाहावे. उत्तर आले नाही तर महिनाभर थांबून एकदाच आठवण करावी. त्यानंतरही शांतता असेल तर ते उत्तर समजावे.

आईशी बोलणे

तिकीट काढण्याआधी आईशी आणि भावंडांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. आईला काय जाणून घ्यायचे आहे हे विचारणे सोपे असते. तिला काय जाणून घ्यायचे नाही, हे विचारणे कठीण असते आणि तेच जास्त गरजेचे असते. परक्या मुलखात वर्षानुवर्षे एकट्याने राहिलेल्या माणसाच्या आयुष्यात दारू, कर्ज, भांडण, तुरुंगातली एखादी रात्र किंवा दुसरे माणूस असण्याची शक्यता असते, आणि जो सांगणारा आहे तो ते सहज बोलून जातो, कारण त्याच्या लेखी ते सगळ्यांना ठाऊकच असते. असे काही कळले तर घरी कोणाला सांगायचे, हे आधी ठरलेले असले म्हणजे परतल्यावर चेहरा लपवत फिरावे लागत नाही. माझ्या आईने "पैशाचं काही निघालं तर मला सांग, बाकीचं तुझ्यापाशीच ठेव" असे स्वच्छ सांगितले होते, आणि त्या एका वाक्याने माझे ओझे बरेच हलके झाले.

कागदपत्रे आणि पैसे

दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. अर्ज ऑनलाइन भरून भेटीची वेळ घ्यायची असते. प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. ओमानच्या पर्यटन व्हिसाचा अर्ज रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येतो. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच खात्री करावी.

ब्रिटन किंवा युरोपसाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि इथे शेतकरी कुटुंबातल्या माणसाची अडचण होते, कारण प्राप्तिकराचे विवरणपत्र नसते. अशा वेळी बँकेच्या खात्याच्या उताऱ्यासोबत साखर कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, सातबारा आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला जोडावा. मराठी कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत असले पाहिजे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा बंधनकारक आहे. यजमानाकडून निमंत्रणपत्र मिळाले तर उत्तम, पण वयस्कर माणसाला कागदपत्रांसाठी पिडू नये. वडिलांच्या जुन्या पासपोर्टवरचे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि आपले स्पेलिंग जुळत नसेल, जे आपल्या पिढीत सर्रास आढळते, तर नाते दाखवणारा जन्मदाखला जवळ ठेवावा. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३ हजार डॉलरपर्यंत नेता येतात; एवढी रोकड लागत नाही.

केव्हा जावे

ओमानला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे असतो आणि वयस्कर माणूस आपल्याला जुनी जागा दाखवायला बाहेर पडू शकत नाही. रमजानचा महिना टाळावा. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तर संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार. यादीतली माणसे वयाने ऐंशीच्या घरात असतील, तर मात्र ऋतूचा विचार सोडून मिळेल त्या विमानाने जावे.

बॅगेत काय

भेट म्हणून सर्वांत मोलाचा ठरतो तो चांगल्या कागदावर छापलेला दोघांचा एकत्र फोटो आणि वडिलांचा अखेरच्या वर्षांतला एक फोटो. खाण्याच्या वस्तूंत सांगलीचे बेदाणे आणि हळद निर्धोक. सातारी कंदी पेढे ओमानला नेता येतात, परंतु ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, तेव्हा तिकडे जाताना पेढ्यांचा मोह सोडावा. घरचा कांदा-लसूण मसाला देण्याची आपल्याला फार हौस असते. त्यात खसखस असेल तर तो अजिबात नेऊ नये. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि दुबईला केवळ विमान बदलायचे असले तरी बॅगेत सापडल्यास अटक होऊ शकते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

प्रत्यक्ष भेट

मुक्काम स्वतंत्र करावा आणि एका दिवशी एकच भेट ठेवावी. ओमानी घरात पाहुण्याला मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, बसवतात. स्त्रिया बरोबर असतील तर त्यांना बहुधा आतल्या बाजूला नेतात, आणि बहीण सोबत असेल तर आतल्या बायकांकडून तिला जे ऐकायला मिळते ते आपल्याला बाहेर कधीच मिळत नाही. सुरुवातीचे क्षेमकुशल बराच वेळ चालते, ते आटोपते घेऊ नये. खजूर येतो, मग कान नसलेल्या छोट्या कपात वेलदोड्याचा कहवा येतो. कप उजव्या हातानेच घ्यावा. रिकामा कप पुढे केला की यजमान तो पुन्हा भरतो. पुरे झाले असेल तर कप मनगटातून दोन-तीनदा हलवून परत द्यावा. हे ठाऊक नसलेला पाहुणा तोंडाने नको म्हणत राहतो आणि कप भरत राहतो.

मग वडिलांचे सांगावे: आजारपण किती चालले, शेवटी जवळ कोण होते, यजमानाची आठवण ते कशी काढत. हे सांगून होईपर्यंत वही बाहेर काढू नये. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास परवानगी मागावी आणि नकार आला तर फोन खिशात ठेवावा. आखातात दुसऱ्याचे छायाचित्र संमतीशिवाय घेणे कायद्याने महागात पडू शकते. रात्री खोलीवर परतल्यावर आठवेल तेवढे लगेच लिहून काढावे.

प्रश्न विचारण्यात बहुतेक जण चुकतात. "माझे वडील कसे होते?" या प्रश्नाला जगाच्या पाठीवर कुठेही "फार चांगला माणूस" हेच उत्तर मिळते आणि तिथे संभाषण संपते. त्याऐवजी दिवसाच्या कामांविषयी विचारावे: स्वयंपाकाची पाळी कशी होती, पगाराच्या दिवशी संध्याकाळी कुठे जात, कोणाशी पटत नसे, आजारी पडल्यावर कोण बसे, घरून पत्र आले नाही तर काय करीत. मी एका मल्याळी काकांना सुट्टीच्या सकाळी काय चालायचे एवढेच विचारले. त्यांनी सांगितले की वडील खोलीबाहेर रंगाचा रिकामा डबा पालथा घालत आणि त्यावर एकेकाला बसवून सगळ्यांचे केस कापत. घाई नसलेला माणूस शेवटी बसे, कारण तोवर कात्रीची धार गेलेली असे. वडिलांना केस कापता येतात, हे आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हते. सोबत कामाच्या जागेचा किंवा राहण्याच्या वस्तीचा फोटो असेल तर तो पुढे ठेवावा आणि आपण गप्प बसावे. बोटे फोटोवर फिरू लागली की नावे आपोआप येतात.

वडिलांवर टीका ऐकायला मिळाली तर त्यांची बाजू मांडू लागू नये, कारण त्या क्षणापासून समोरचा माणूस मोजून-मापून बोलू लागतो. सांगणाऱ्याचीही जुनी भांडणे असतात आणि आठवणी सरमिसळ होतात, म्हणून गंभीर गोष्ट दुसऱ्या कोणाकडून ऐकल्याशिवाय खरी धरू नये. "तुमच्या वडिलांनी माझे पैसे बुडवले" असे कोणी म्हणालेच तर तिथल्या तिथे कबुली वा नकार, दोन्ही देऊ नये. घरी बोलून कळवतो म्हणावे आणि खरोखर कळवावे. वयस्कर माणूस तासाभरात थकतो. आपण होऊन उठावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ का, असे विचारावे. दुसऱ्या दिवशीचे बोलणे नेहमीच अधिक मोकळे असते.

ब्रिटन-अमेरिकेत भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी, ठरल्या वेळी पोचावे आणि ठरल्या वेळी निघावे. तिथे वाढलेल्या त्यांच्या मुलांनाही भेटीला बसू देण्याची विनंती करावी. आपल्या आई-वडिलांच्या या गोष्टी तीही बऱ्याचदा पहिल्यांदाच ऐकत असतात.

परतल्यावर

आठवड्याच्या आत प्रत्येकाला आभाराचा निरोप आणि भेटीतले फोटो पाठवावेत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना छापील प्रती टपालाने पाठवाव्यात, आखातातल्या पत्त्यावर पोस्ट बॉक्सचा क्रमांक न विसरता. टिपणे सुवाच्य लिहून त्यावर कोणी, कुठे, केव्हा सांगितले याची नोंद करावी आणि एक प्रत भावंडांकडे द्यावी. सोबत्याने वडिलांविषयी कोणाकडेही बोलू नका म्हणून जे सांगितले असेल ते या प्रतीत घालू नये. एका सोबत्याकडून दुसऱ्याचा क्रमांक मिळाला असेल, तर तो वापरण्यापूर्वी पहिल्याला विचारावे. आणि आपण सर्वांना भेटून आलो असल्याने त्या सर्वांचे ठावठिकाणे आता बहुधा एकट्या आपल्यापाशी असतात. त्यांच्यापैकी कोणी गेल्याचे कळले, तर उरलेल्यांना त्याच दिवशी फोन करून सांगावे.